हिरड्याची शाई

हंबीररावांनी पायाचं फडकं सोडलं आणि ते हातात धरून तसेच बसून राहिले. घोट्यापासून बोटांपर्यंत पाऊल काळंठिक्कर पडलं होतं.

"शाले," त्यांनी हाक मारली. "पाय गेला माजा."

चुलीपुढून शालूबाई धावत आली आणि पाऊल बघून खाली वाकली. पोटरीवरच्या शिरा फुगून वर आल्याला दोन वर्षं झाली होती, पण काळं कधी पडलं नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईत, बर्फात काळा पडलेला एका सोबत्याचा पाय गुडघ्यातून कापलेला हंबीररावांनी डोळ्यांनी बघितला होता. पेन्शन घेऊन घरी आल्यापासून साताऱ्याच्या दवाखान्याचं नाव काढलं, की हा दांडगा गडी लेकरासारखा कोपऱ्यात सरकायचा. निर्गुडी बांध म्हणायचा, हिरडा लाव म्हणायचा. काल संध्याकाळी तिनंच हिरड्याचा लेप लावून पाय बांधला होता.

हिरडा! तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"आवं, काल मी हिरडा लोखंडी कढईत उकळला की! हिरड्याला लोखंड लागलं की शाई बनती. आमच्या माहेरी पोरं त्या शाईनं कित्ता गिरवायची."

"खरं?"

"यमाईची आण."

दोघंही हसत सुटली. हंबीररावांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"गोळ्यांना भ्यालो न्हाई, अन् बायकूच्या कढईला भ्यालो बघ."

शालूबाईनं लिंबू चिरलं, पाय मांडीवर घेतला आणि चोळायला बसली. काळं पाणी गळू लागलं, खालची कातडी दिसू लागली. उसाला पाणी पाजून बोटाबोटांत चिखल्या होऊन कातडी चिरली होती, त्यात रस शिरला की हंबीरराव पाय आखडत.

"झोंबतंय गं!"

"झोंबू द्या. हवालदार म्हनं!"

अंगठा निघाला, त्याच्या शेजारची बोटं निघाली. ती करंगळीवर आली. करंगळीलाही चिखली होतीच. तिनं चोळलं, दुसरी फोड घेऊन पुन्हा चोळलं. काळं हलेना. बाकीची बोटं कोमट होती, करंगळी गार. तिनं हळूच नख रुतवून बघितलं.

हंबीररावांनी पाय आखडला नाही. हात थांबवायची तिला भीती वाटली. थांबला तर यांना कळेल, आणि कळलं तर हा माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचा नाही.

"निघालं का गं?"

"निघालं की समदं." तिनं पावलावर पदर ओढला. "चला, आवरा. औंधाला यमाईच्या पाया पडून यू."

औंधापर्यंत नेलं, की पुढं साताऱ्याची गाडी मिळेल. तिथं काय सांगायचं, ते तिलाही सुचलं नव्हतं.

हंबीरराव पदराकडे बघत राहिले. पाय त्यांनी मांडीवरून काढला नाही.

"शाले, चार बोटं झोंबली," ते म्हणाले. "करंगळी न्हाई झोंबली."

तिनं पावलावरचा पदर बाजूला केला.

"औंधात उतराय नगं. सरळ साताऱ्याचंच तिकीट काढ."