यंत्राच्या आधी लागलेली कोनशिला

ज्या वर्षी पाथरवटाची लेक सासर सोडून कायमची माहेरी आली आणि बापाच्या शेजारी बसून तिने पहिल्यांदा छिन्नी हातात धरली, त्याच वर्षी मी घडले. मित्रांनो, मी एक जुनी कोनशिला आहे. नवी इमारत किंवा नवे यंत्र सुरू झाले की भिंतीवर दगड बसवतात, त्यावर मोठ्या माणसांची नावे कोरतात आणि पडदा ओढून टाळ्या वाजवतात. तसलाच एक दगड मी.

पाथरवटाने मला पाणी टाकून टाकून घासले आणि इतके गुळगुळीत केले की त्याला माझ्यात स्वतःचा चेहरा दिसू लागला. लेकीची जीभ फार धारदार, म्हणून सारी गल्ली तिला छिन्नीच म्हणायची. कागदावरचा मजकूर बघून ती हसली.

"बाबा, आरोग्यमंत्र्यांचं नाव एवढं मोठं आणि यंत्राचं मुंगीएवढं?"

"सांगितलंय तसं कोरायचं."

"मग यंत्र शोधायला भिंग द्या म्हणावं."

"तू तोंड आवर आणि पाणी टाक."

त्या दिवसांत सगळीकडे साथ पसरली होती. माणसांना श्वास पुरत नसे. सरकारने आणीबाणी जाहीर केली, आणि प्रत्येक सरकारी रुग्णालयात हवेतून प्राणवायू काढणारे यंत्र बसेल, असे मंत्र्यांनी सांगितले. गावोगावच्या लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. मीही हरखून गेले. आपण कुणाच्या तरी जीव वाचवण्याच्या कामी येणार, याहून दगडाला आणखी काय हवे?

पण रुग्णालयाच्या मागच्या अंगणात, यंत्राच्या खोलीबाहेर मला भिंतीत बसवले तेव्हा खोली रिकामी होती. आत एक झाडू होता आणि रंगाचा डबा. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. पाहुणा यायच्या आधी त्याचे ताट उष्टे झालेले दिसावे, तसे मला वाटले.

उद्घाटनाला मंत्री आले. तोवर खोलीत पत्र्याचा एक उंच सांगाडा आणून उभा केला होता. रंग ओला असल्याने त्याला कुणी हात लावू नये म्हणून दोन माणसे पुढे उभी होती. मंत्र्यांनी बटण दाबले. वॉर्डातून निरोप आला, प्राणवायू आला! टाळ्या वाजल्या. मी मात्र भिंतीतच बसलेली. फुस्स असा आवाज माझ्या पाठीमागून येत होता, आणि पाठीमागे सांगाड्याच्या आड भाड्याने आणलेल्या प्राणवायूच्या चार टाक्या उभ्या होत्या. संध्याकाळी त्या टेम्पोत घालून नेल्या.

खरे यंत्र पुढच्या आठवड्यात येणार होते. तो पुढचा आठवडा फार लांबला.

आणि मग साथ पुन्हा उसळली. अंगणात नातेवाईक चादरी टाकून बसू लागले. एके दिवशी माझ्यासमोर छिन्नी येऊन बसली. पाथरवट दोन नंबरच्या वॉर्डात होता. नाकाला नळी लावलेली, आणि त्या नळीवरच त्याचा सगळा भरवसा. छिन्नी डबा घेऊन यायची, खिडकीतून बापाला ओरडून सांगायची, "बाबा, गिऱ्हाईक वाट बघतंय, लवकर उठा." तो बोट हलवायचा. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई बोलायला माझ्यापाशीच यायच्या, कारण इथे फोनला रेंज मिळे.

"अहो, टाक्यांची गाडी का थांबवलीत?" त्या एकदा ओरडल्या. पलीकडचा, टाक्या वाटणाऱ्या कचेरीतला माणूस इतका मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आले.

"मॅडम, तुमच्याकडे प्लांट आहे. ज्यांच्याकडे प्लांट आहे त्यांच्या टाक्या बंद करून दुसरीकडे दिल्यात."

"प्लांट चालू नाही हो!"

"उद्घाटन झालंय, मॅडम. मी स्वतः फोटो बघितलाय."

डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितले. तशा नजरेने कुणी दगडाकडे बघत नाही.

छिन्नी उठून जवळ आली. "डॉक्टर, खरं सांगा, हे यंत्र चालतं का?"

"ताई, चालू आहे असं लिहिलंय."

"लिहिलंय ते मला माहीत आहे. ते माझ्या बापानंच कोरलंय. चालतं का, ते विचारतेय."

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचे सहायक पाहणीला आले. कपड्यांना सुरकुती नाही, बोलण्याला गाठ नाही. असल्या माणसाचा मला चटकन संशय येतो. छिन्नीने त्यांची वाट अडवली.

"साहेब, यंत्र बंद आहे असं एकदा सांगून टाका. टाक्या तरी येतील."

"ताई, दोन दिवसांत पार्ट येतोय."

"दोन दिवस माझ्या बापानं श्वास धरून बसायचं का?"

"समजून घ्या. मंत्र्यांच्या हातून सुरू झालेलं यंत्र बंद आहे, असं कसं सांगणार? लोकांत घबराट पसरेल."

"लोकांत की वर?"

सहायक हसले, मोबाइल कानाला लावला आणि गाडीत जाऊन बसले. त्यांचा फोन वाजलाच नव्हता, हे मी बघितले होते.

मंगळवारी सकाळी टाक्यांनी भरलेला एक ट्रक मागच्या फाटकासमोरून चालला होता. रुग्णालयाचा राखणदार रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. चालक खाली उतरला, हात जोडले आणि म्हणाला, "दादा, तुमच्याकडे प्लांट आहे, माझ्यावर कशाला उठता? पुढच्या हॉस्पिटलात माणसं तडफडतायत." त्यालाही खोटे कसे म्हणावे? राखणदार बाजूला झाला. वॉर्डातल्या शेवटच्या टाकीचा काटा तेव्हा तळाला टेकत होता. छिन्नी खिडकीला चिकटून हाका मारत होती. आतून बोट हलले नाही.

त्यानंतर जे चालले ते बघून मला माणसांचीच धास्ती वाटू लागली. मंत्री बोलले की प्राणवायूअभावी राज्यात कुणीही दगावलेले नाही. डॉक्टरीणबाईंवर हलगर्जीचा ठपका आला आणि त्यांना घरी बसवले. विरोधी पक्षाचे पुढारी आले. माझ्यावरच्या नावाकडे बोट दाखवून त्यांनी फोटो काढून घेतला, मग छिन्नीला म्हणाले, "ताई, जरा पुढे या, आणि थोडं रडल्यासारखं."

"रडल्यासारखं मला येत नाही," ती म्हणाली. "येतं तेव्हा रडूच येतं."

पुढारी घाईत होते. त्यांना अजून तीन रुग्णालये करायची होती.

चौकशी समिती येणार असे कळताच सहायक पाथरवटाच्या दुकानात जाऊन आले. मंत्र्यांचे नाव तेवढे घासून काढायचे, बाकी दगड राहू द्यायचा, असे ठरले. मला भिंतीवर बातमी कळली ती राखणदाराच्या तोंडून. त्याला सांगून ठेवले होते की पाथरवटीण येईल, ठोकाठोकी होईल, तिला अडवू नको.

रविवारी छिन्नी बापाची हत्यारे घेऊन आली. राखणदाराने विचारले, "नाव काढलंस तर यंत्र सुरू कुणी केलं म्हणायचं?"

"ते म्हणतात, कुणीच नाही. आपोआप सुरू झालं आणि आपोआप बंद पडलं."

खोटे कशाला बोलू, मला तिचाही संशय आला. आता दुकान तिच्या एकटीवर होते, आणि सरकारी कामे याच लोकांच्या हातची. पहिला घाव नावावर पडणार म्हणून मी अंग आवळले. तिची छिन्नी नावाच्या खाली, माझ्या कोऱ्या भागावर टेकली. दिवसभर ठकठक चालली. कुणी डोकावले नाही, कारण ठकठक होणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

सोमवारी समिती आली. त्यातल्या वयस्क बाईंनी चष्मा वर सारून मला दोनदा वाचले. सहायक घाईघाईने म्हणाले, "खालचं अधिकृत नाही हं."

"वरचं अधिकृत आहे ना?" बाई म्हणाल्या. "मग दोन्ही उतरवून घेते."

अहवाल झाला, असे म्हणतात. तो कुणी वाचला, हे कुणी म्हणत नाही. मंत्र्यांचे खाते बदलले, खुर्ची राहिली. छिन्नीला पुन्हा सरकारी काम मिळाले नाही. ती लोकांच्या घरांच्या पाट्या कोरते. मला त्याच आठवड्यात काढून मोडक्या खाटांमागे टेकवले, तोंड भिंतीकडे करून.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असे मी म्हणत नाही. दगडाला धुळीचे काय! पण ज्याचे नाव मोठ्या अक्षरांत कोरले जाते, त्याला काम सुरू आहे का, हे विचारत जा. हसून उत्तर मिळाले तर पुन्हा विचारा. आणि कुणी दोन माणसे मिळून मला कधी फिरवलेत, तर नावाखालचे एवढे वाचा:

हे यंत्र चालू नव्हते. मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी, दोन नंबरच्या वॉर्डात, प्राणवायू संपल्यामुळे पाथरवट, बेकरीवाला, बसचालकाची आई आणि शाळेतली शिपाईण हे चौघे वारले.