जुन्या आवृत्तीची देखभाल

"आधी माफी मागायला आलेय," असं म्हणत तोकुनागाबाईंनी तांदळाच्या बिस्किटांचा डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि त्या कमरेत वाकल्या.

इसोबेला काही कळेना. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या त्या सभागृहात महिन्यातल्या एका रविवारी, फुकट वाटायचे खुले संगणक-प्रोग्राम लिहिणारी आठ-दहा हौशी माणसं जमत. इसोबे पाणीपुरवठा खात्यातला कारकून. साधा मजकूर ब्रेलमध्ये छापून देणारा त्याचा प्रोग्राम वीस वर्षं चालू होता. नवी आवृत्ती निघाली तशी जुनी त्याला डोईजड झाली. डाउनलोडचा आकडा पाहिला, तर वर्षभरात चार. जेवणाच्या सुट्टीत घास चावता चावता त्याने प्रोग्रामच्या वेबपानावर लिहून टाकलं, 'जुनी आवृत्ती आता कोणी वापरत नाही. मार्चअखेर देखभाल थांबेल.'

"आम्ही अंध मुलांसाठी पुस्तकं करणारी एकतीस वाचनालयं ती जुनी वापरत होतो," बाई म्हणाल्या. "आमची छपाईची यंत्रं जुनी, नव्या आवृत्तीला दाद देत नाहीत. एकदाच उतरवून घेतली आणि सगळ्यांना सीडीवर दिली. पुन्हा पुन्हा उतरवली तरच मोजतात, हे ठाऊक नव्हतं हो."

इसोबेचे कान तापले. "मग आता अडलंय कुठे?"

"कुठेच नाही. एक एप्रिलला सगळ्यांनी काढून टाकली."

"अहो, पण वापरू नका असं कुठे म्हटलं मी? फक्त चुका सुधारणार नव्हतो."

"ज्याने केलं त्यानेच हात काढून घेतला, मग मुलांच्या पुस्तकात चूक निघाली तर विचारायचं कुणाला? आता ब्रेलचा एकेक ठिपका हातानेच टोचतो. दुसरीतल्या एका मुलीचं गणिताचं पुस्तक, एप्रिलात वर्ग सुरू होऊन जून आला तरी निम्मंच झालंय. बाकीची मुलं गणितं करतात, ती नुसती ऐकत बसते."

बाईंच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं इसोबेला झालं. ज्यांनी जपून वापरलं, त्यांनाच त्याने 'कोणी नाही' म्हटलं होतं.

"मी सांभाळेन जुनी," तो कसाबसा म्हणाला. "आजच कळवतो सगळ्यांना."

"किती वर्षं?"

"जमेल तोवर."

बाईंनी पिशवीतून वही काढली. "राग मानू नका, वय काय आपलं?"

"बावन्न."

त्यांनी ते लिहून घेतलं, बोटांवर काहीतरी मोजलं.

"होईल तोवर त्या मुलीची शाळा पुरी," त्या समाधानाने म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. इसोबेही वाकला. बाई सरळ झाल्या तरी त्याला मान वर करवेना.