राणीचं तोंड

डॉक्टरीणबाईंनी शिवदासच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, जरा ओढली आणि सोडून दिली.

"इथे काही मिळायचं नाही," त्या म्हणाल्या. "फारच सडपातळ आहात तुम्ही."

शिवदास सदरा वर करून बसला होता. ओठांभोवतीच्या सुरकुत्या भरायला अंगातली चरबी काढतात आणि बारीक सुईने तोंडाभोवती सोडतात, एवढं तो ऐकून आला होता. बाकीचं त्याने आपल्या डोक्याने ठरवलं होतं.

"मगे हिची घेवा," तो कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हात करून म्हणाला. "हिच्या मांडयेक मेळतली."

खुर्चीत कमल बसली होती. मांडीवर पर्स, अंगावर भाच्याच्या लग्नातली आंबेरंगी साडी. आपल्याविषयीच बोलणं चाललं आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला.

"तसं होत नाही," बाई म्हणाल्या. "ज्याची त्यालाच चालते."

"घरची असली तरी? रगत चलता तर ह्या कशाक नाय?"

"बायकोची नाही, भावाचीही नाही. पालथे झोपा बघू, कमरेला पाहते."

कमरेला आणि मांडीच्या आतल्या बाजूला मिळून कामापुरती निघेल असं ठरलं. शिवदासचा चेहरा उजळला. कमलने पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

गोवा राज्य झालं त्या वर्षी त्यांचं लग्न झालं, म्हणजे आता बावीस वर्षं. या बावीस वर्षांत शिवदासने बायकोला जत्रा सोडून कुठे म्हणून नेलं नव्हतं. तो दशावतारातला स्त्रीपार्टी, बायकांची सोंगं करणारा. पेडणे महालात त्याच्यासारखी राणी दुसरा कोणी करत नाही, असं लोक म्हणत आणि त्याहून जास्त तो स्वतः म्हणे. कार्तिकापासून वैशाखापर्यंत गावोगाव रात्रीचे खेळ, दिवसा झोप. उरलेला वेळ आरशासमोर. कमलने वाढलेलं ताट तो मान वर न करता घेई. भात हवा असला की ताट नुसतं पुढे सरकवी. तिच्या कानात कुड्या आहेत की नाहीत हे त्याला विचारलं असतं तर बिचाऱ्याला उठून बघावं लागलं असतं. त्यामुळे आदल्या दिवशी तो, "फाल्यां म्हापशाक जावचा आसा, तूंय चल," असं म्हणाला तेव्हा तिला हातातलं सूप खाली ठेवावं लागलं होतं. शेजारच्या रुक्मिणीला तिने कुंपणावरूनच सांगून टाकलं की आमचे माका म्हापशाक घेवन जातत. सकाळी धारगळच्या थांब्यावर बसमध्ये त्याने तिला खिडकीकडे बसायला दिलं, त्याचंही तिला अप्रूप वाटलं होतं. आता त्या अप्रूपाची तिला किळस आली.

परतीच्या बसमध्ये तो पुटपुटत राणीचा विलाप म्हणत होता.

"माका सांगूक व्हया होता," कमल म्हणाली.

"काय सांगूचा?"

"कशाक हाडलात ता."

शिवदास थांबला. त्याला खरोखरच काही उमगलं नव्हतं.

"पण घेतली खंय?" तो म्हणाला आणि पुन्हा विलापाकडे वळला.

तसा त्याला घोर लागला होता हे खोटं नव्हे. मागच्या मोसमात दुसऱ्या प्रवेशापर्यंत त्याच्या तोंडाभोवतीचा रंग फाटू लागला होता. सफेदा सुरकुत्यांत जाऊन बसे आणि राणी रडायला लागली की ओठाच्या दोन्ही बाजूंना भेगा पडत. कोरगावच्या खेळात मागून कोणीतरी ओरडला, "ही राणी की राणयेची सासू?" माणसं हसली. मंडळीचा मालक बाबाजी त्या वेळी काहीच बोलला नाही. त्याच्या न बोलण्याने शिवदास जास्त हादरला. राणी हातची गेली तर या माणसाकडे दुसरं काही नव्हतं, आणि ते कमलइतकं कोणाला ठाऊक असणार?

पावसाळ्यात काम उरकलं. आठ दिवस त्याचं तोंड निळं-काळं होऊन सुजलं. बोलायचं नाही, हसायचं नाही, चावायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. कमलने त्याला चमच्याने पेज भरवली. भरवताना ती त्याच्या अगदी समोर बसे आणि तो तिच्या खांद्यावरून भिंतीवरच्या आरशाकडे बघत राही. राग यायचा तिला. पेज सांडू द्यावी असंही एकदोनदा मनात आलं, पण सांडली असती तर पुसायची तिलाच होती.

चतुर्थीपर्यंत सूज उतरली आणि खरं सांगायचं तर काम झक्कास झालं होतं. ओठांभोवतीचा तो चुरगळलेला भाग भरून आला होता. रुक्मिणी भजनाला आली तेव्हा शिवदासला बघून म्हणाली, "भावजी, तुमी तर आता हिचो धाकटो भाव दिसतत."

तो खूश झाला. कमल प्रसाद वाटायला उठून गेली.

तुळशीचं लग्न झालं आणि बाबाजी घरी आला. चहा प्याला, शिवदासची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"तोंड बरा केलंस रे," तो म्हणाला. "पण गळो? गळ्याक खंयची चरबी घालतलंस?"

शिवदास हसला. बाबाजी हसला नाही.

"ह्या वर्सा राणी अजय करतलो. वेंगुर्ल्याकडचो आसा. लोकांका तरणो आवाज व्हयो झालो, मी काय करू? तू म्हातारी कर. राजाची आवस."

बाबाजी गेल्यावर तो आरशासमोर जाऊन उभा राहिला आणि तोंडावरून हात फिरवत राहिला. कमलला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला मनातून थोडा आनंद होईल. झाला नाही. तिने त्याचं जेवण झाकून ठेवलं आणि स्वतःही जेवली नाही.

गावच्या जत्रेत काल्याला म्हातारीचा, म्हणजे राजाच्या आईचा, पहिला खेळ लागला. लाउडस्पीकर दहाला बंद करायचा असल्यामुळे नाटक दिवेलागणीलाच सुरू व्हायचं होतं. म्हातारीसाठी साधं लुगडं हवं, म्हणून कमल आपलं जुनं नऊवारी घेऊन देवळाच्या अग्रशाळेत, मंडळी उतरली होती तिथे, गेली. सगळे नट आपापल्या ट्रंकेवर बसून रंगत होते. शिवदासने सफेदा लावला होता, आणि तो इतका गुळगुळीत बसला होता की म्हातारी दिसायची सोयच नव्हती. त्याने काळी पेन्सिल घेऊन ओठांभोवती रेघा ओढल्या, पुसल्या, परत ओढल्या. बाबाजी डोकावून गेला.

"अरे, ही म्हातारी न्हय, मांजर झाला," तो म्हणाला. "बेगीन कर."

दोघेतिघे हसले. ज्या रेघा शिवदासने सुई टोचून घेऊन घालवल्या होत्या, त्या कुठून कुठे जात हेच त्याला आता आठवेना. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर लुगड्याची घडी घेऊन उभ्या असलेल्या कमलवर गेली.

"कमल," तो म्हणाला. एरवी तो तिला नावाने हाक मारत नसे. "हंय बस. माझ्या म्होरयात."

"कशाक?"

"बस गो. उजेडात तोंड कर."

तो काय करणार आहे ते तिला कळलं. या खेपेला तिला वेळ लागला नाही. उठून चालतं व्हावं, लुगडं त्याच्या तोंडावर टाकावं, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. ती समोरच्या ट्रंकेवर बसली. त्याने पुढे वाकून बल्ब तिच्याकडे वळवला आणि तिच्या नाकाच्या कडेपासून हनुवटीपर्यंत नजर उतरवली. एक रेघ स्वतःच्या तोंडावर ओढली. पुन्हा तिच्याकडे बघितलं. ओठाच्या वरच्या बारीक चिरा त्याने एकेक करून मोजल्यासारख्या पाहिल्या. बावीस वर्षांत त्याने तिला इतका वेळ पाहिलं नव्हतं.

"जरा हस," तो म्हणाला.

ती हसली.

"आता मीट. हां. हालू नको."

शेजारी अजय राणीचा मुकुट बांधत होता. त्याने एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर फिरवली. त्याला अवघडल्यासारखं झालं असावं. कमलला झालं नाही. लाज वाटायला हवी होती, संतापाने रडू यायला हवं होतं. पण तिला बरं वाटत होतं, आणि त्याचाच तिला मनस्वी राग येत होता.

"ओठाखालची दिसणा नाय," शिवदास म्हणाला. "हनुवटी वर घे."

बाहेर पेटी आणि मृदंग सुरू झाले. कमलने पदर मागे सारला आणि हनुवटी वर घेतली.