दोघांस्नी होईल असं जर्किन

अनुजाला लेदरचं जॅकेट घ्यायचं होतं. एकटीला. पण त्या घरात एकटीनं काही घ्यायची रीतच नव्हती, त्याला ती तरी काय करणार?

सकाळी चहा पिताना ती आईला नुसतं म्हणाली, "दुपारी शाहूपुरीत जाऊन येतो, जॅकेट बघायचंय." झालं! दुपारी ती गाडी काढायला दारात आली, तर रिक्षा उभी. रिक्षात आई, आईशेजारी दोन घरं पलीकडची चिमणाबाई आत्ती, आणि पुढं ड्रायव्हरला खेटून सम्राट, डोळ्यावर गॉगल चढवून. खरेदीला चार माणसं असलेली बरी, म्हणे. अनुजानं गाडीची चावी अशी फिरवली की तुटायचीच बाकी राहिली.

आता ह्या सम्राटचं जरा सांगायलाच पाहिजे. हा अनुजाचा धाकटा भाऊ. धाकटा बरं का, थोरला नव्हे! थोरल्याचे कपडे धाकट्याला, हे सगळ्या घरांत चालतं. ह्यांच्या घरात गंगा उलटी वाहायची. नववीत असताना सम्राट ताडमाड वाढला, बहिणीच्या डोक्यावर गेला, आणि तेव्हापासून घरात येणारी वस्तू त्याच्या मापानं यायला लागली. रेनकोट? दोघांस्नी होईल असा. स्वेटर? दोघांस्नी होईल असा. हेल्मेटसुद्धा असलं, की अनुजा मान वळवायची आणि हेल्मेट होतं तिथंच राहायचं. "जरा वाढत्या अंगाचं दाखवा," हे आईचं दुकानाची पायरी चढतानाचं ठरलेलं वाक्य. अनुजा सव्वीस वर्षांची झाली, तिचं अंग वाढायचं कधीच थांबलं, पण आईचं वाक्य काही थांबलं नाही.

एका दूध संघात ती पर्यवेक्षक होती. पहाटे उठून भोगावतीच्या बाजूची गावं पालथी घालायची, संकलन केंद्रावर दुधाचं फॅट बघायचं, कॅन धुतलेत का बघायचं, आणि पाणी घालणाऱ्याशी भांडायचं. भांडायला ती कमी पडत नसे. कमी पडायचं ते थंडीत. नदीकाठचं धुकं हाडात शिरायचं आणि अंगात सम्राटचं जुनं जर्किन, वाऱ्यानं फुगलेलं.

मागच्या थंडीत एका वळणावर समोरची उसाची ट्रॉली अचानक थांबली. अनुजा ब्रेक दाबायला गेली, तर हातात ब्रेकऐवजी बाही! मनगटावरनं उतरून बोटांवर आलेली लांबलचक बाही. गाडी आडवी झाली आणि खांदा सोलून निघाला. घरी येऊन तिनं सांगितलं, ह्या बाहीनं घात केला. कुणाला ऐकायलाच गेलं नाही. "पोरीच्या जातीला गाडी झेपत न्हाय," असा आत्तीनं निकाल देऊन टाकला. सम्राट तर "टाकीला चरा पडला की गं ताई!" म्हणत गाडीवरनं हात फिरवत बसला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे कुठनं कुठं जाते, ते अनुजाला त्या दिवशी कळलं. ह्या थंडीत अंगाला बसणारं जॅकेट मिळालं तर पहाटेची फेरी करायची, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पुन्हा त्या बाहीवर ती जीव टाकणार नव्हती.

दुकान फराजचं होतं. बापानंतर तोच बसायचा, विकायचा आणि मागच्या खोलीत मशीनवर दुरुस्तीही करायचा. बोलायला लाघवी.

"कुणासाठी बघायचंय?"

अनुजानं तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "दोघांस्नी होईल असं दाखवा. वाढत्या अंगाचं."

फराजनं एकदा किडमिड्या अनुजाकडं पाहिलं, एकदा दार भरून उभ्या सम्राटकडं. पण धंदेवाला माणूस तो. मोठ्या मापाचं काळंभोर जॅकेट काढलं आणि सरळ सम्राटच्या अंगावर चढवलं. "नादखुळा दिसतंय की दादा!"

सम्राट आरशापुढं उभा राहिला. मान वाकडी करून फोटो काढला, मग पाठ करून काढला, मग आत्तीला घेऊन काढला. आत्तीनं बाही चाचपली. "म्हशीचं हाय का शेरडाचं?"

"शेळीचं हाय आत्ती. मऊसूत."

शेवटी सगळ्यांना आठवलं की जिच्या पगारातनं हे येणार आहे ती पण दुकानातच उभी आहे. मग ते जॅकेट अनुजाच्या अंगात घातलं. खांदे दंडावर आले आणि हात दिसेनासे झाले.

"कसं ऐसपैस हाय!" आत्ती खूश. "आत दोन स्वेटर बसतील."

"आत्ती, आत तुमीबी बसशीला," अनुजा म्हणाली. तिनं तिथलं स्टूल ओढलं, गाडीवर बसतात तशी बसली आणि दोन्ही हात पुढं केले. बाह्या लोंबायला लागल्या. "हे बघ आई. नीट बघ. ह्यात ब्रेक कुठाय सांग मला."

"दुमडून घे की गं. त्यात काय एवढं!"

त्यात काय एवढं! अनुजानं ते अंगातनं ओरबाडून काढलं आणि फराजला म्हणाली, "माझ्या मापाचं दाखवा. निव्वळ माझ्या. ह्यांच्याकडं बघू नका, माझ्याकडं बघा."

फराज गप आत गेला आणि तपकिरी रंगाचं एक घेऊन आला. अनुजानं ते घातलं. चेन लावली. खांद्याची शिवण खांद्यावर बसली. बाही मनगटावर येऊन थांबली, आणि हात पुढं केले, वर केले, मागं नेले तरी तिथंच थांबली. आरशात पाहून तिला चक्क दचकायला झालं. आपल्याला खांदे आहेत, हे तिला कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

आईनं जवळ येऊन निरखलं. "ह्यात सम्राटचा हात तरी शिरंल का?"

"शिरू नयेच!"

"खुळे, ऐक जरा," आई समजुतीच्या सुरात म्हणाली, आणि तो समजुतीचा सूरच जास्त झोंबला. "तू काय, आज हाईस, उद्या लगीन होऊन जाशील. वस्तू मागं घरात ऱ्हाणार. मग हे चिमणीएवढं जर्किन कुणी घालायचं? पोरगा घरात ऱ्हाणार हाय न्हवं?"

आईच्या मनात काही वाईट नव्हतं. भाजीचा भाव सांगावा तसं तिनं सांगितलं. इतकी वर्षं अनुजाला वाटायचं, आई काटकसर करते. काटकसर कसली डोंबलाची! घरात जे यायचं ते राहणाऱ्याच्या मापानं यायचं, आणि राहणारी ती नव्हती. रेनकोट, स्वेटर, हेल्मेट, सगळं तिच्या जाण्याचा हिशेब धरून आलेलं.

"मी आज हाय न्हवं?" ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली की शेजारचा दुकानदार डोकावला. "पहाटे थंडी ह्या अंगाला वाजती! खांदा ह्या अंगाचा सोलतो! आणि माप त्येचं व्हय? हे द्या, फराजभाई. पिशवी नको. अंगातच ऱ्हाऊ दे."

भर दुपारच्या उन्हात ती ते घालून गाडीवर घरी आली. घामाघूम झाली, पण काढलं नाही. मागनं रिक्षात आत्ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणत होती, "पोरगी लई शेफारली, पोरगी लई शेफारली."

पुढचा आठवडा मात्र बरा गेला. पहाटेचं धुकं यायचं आणि बाहेरच्या बाहेर जायचं. पण रविवारी दुपारी अनुजा न्हाऊन आली, तर खुंटी मोकळी.

"सम्राटनं नेलंय," आई भाकरी थापत म्हणाली. "पोरांच्या संगट पन्हाळ्यावर गेलाय. जरा फोटोपुरतं घालतो म्हणाला."

"आणि तू दिलंस?"

"भाऊच हाय की. कुणी परका हाय का?"

आयजीच्या जीवावर बायजी उदार! अनुजानं सम्राटला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. संध्याकाळी बेणं घरी आलं ते काखेत बोचकं धरून. अनुजानं ते हिसकावून उलगडलं. बगलेपासून पाठीपर्यंत शिवण फाटलेली, आतलं अस्तर लोंबतंय.

आणि हा गडी काय म्हणावा? "ताई, लई टाईट घेतलंयस गं तू. श्वासबी घेता येत न्हाय."

चोराच्या उलट्या बोंबा. त्याचं एक वेळ सोडा, तो तसलाच. पण आई पदराला हात पुसत बाहेर आली, फाटकं बघितलं आणि म्हणाली, "म्हणून सांगत हुतो मोठं घे म्हणून. ऐकलंस का माझं?"

मग काय, जाळ अन् धूर संगटच!

"मी चुकलो व्हय? मी?" अनुजानं फाटकं जॅकेट आईच्या तोंडापुढं धरलं. "वस्तू माझी. अंग माझं. न इचारता नेली ह्यानं, घुसला ह्यो, फाडली ह्यानं, आणि चूक बी माझीच? माझ्या मापाचं घेतलं म्हणून? मग माझं मापच चुकलंय म्हण की! मीच चुकून आलोय तुझ्या घरात म्हण!"

"काय बोलतीस गं खुळ्यागत, शेजारी ऐकत्यात."

"ऐकू देत! बोलव आत्तीला पण, समोर बसून ऐकू दे!"

वडील असल्या भानगडीत पडत नसत. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. सम्राट चप्पल घालून पसार झाला. अनुजानं ते जॅकेट उशाला घेतलं आणि न जेवता झोपली. रडली नाही. रडायला दुःख लागतं, तिला नुसता संताप येत होता.

सोमवारी फेरी संपवून ती फाटकं जॅकेट घेऊन शाहूपुरीला निघाली, तर आई गाडीच्या मागं येऊन बसली. "मीबी येतो. न्हायतर तू आणि काहीतरी करून ठेवशील."

फराजनं शिवण दोन्ही बोटांनी ताणून बघितली. "ह्याच शिवणीवर परत टाके घालून चालायचं न्हाय ताई. कापडाचं भोक बुजतंय, कातड्याचं बुजत न्हाय. परत हितनंच फाटणार. आता दोनच रस्ते. एक तर मधे कातड्याची पट्टी घालायची, म्हंजे जरा ढिलं होईल. न्हायतर शिवण आत घ्यायची, म्हंजे जरा घट्ट."

आईचा चेहरा असा उजळला! "पट्टी घाला की मग! चांगली रुंद घाला. म्हंजे परत फाटायला नको, आणि..."

"आणि काय?" अनुजानं विचारलं.

आईनं उगाच कातडं चाचपलं. पण ते 'दोघांस्नी' तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"आत घ्या," अनुजा फराजला म्हणाली.

"बघा बरं. एकदा कापून आत घेतलं की सोडता येत न्हाय. लई फिट होईल."

अनुजानं ते अंगात घातलं. फराजनं दोन्ही बाजूंनी चिमटे लावले. तिनं हात पुढं ताणले, कोपरं वाकवली, मान वळवली. बसलं.

"श्वास घेता येतोय का?" फराजनं विचारलं.

"मला येतोय. दुसऱ्याला यायची गरज न्हाय."

"अगं, लगीन झाल्यावर बाईचं अंग भरतंय!" आई कळवळून म्हणाली.

"भरू दे. तवाचं तवा बघीन. आणि जाताना हे मी अंगात घालून जाणार. मागं खुंटीला ठेवून जाणार न्हाय, सांगून ठेवतो."

आतल्या खोलीत मशीन सुरू झालं. मायलेकी बाकावर बसल्या, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. जॅकेट तयार झालं, अनुजानं ते घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि दोघी रस्त्यावर आल्या. अनुजा चावी लावते न लावते तोच आई म्हणाली,

"मग आता सम्राटनं थंडीचं काय घालायचं गं?"

अनुजाचा हात चावीवरच थांबला. एवढं सगळं झालं, फाटलं, शिवलं, आणि ह्या बाईच्या डोक्यात अजून तेच! ती ओरडणार होती. ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "आई, सम्राटला फोन लाव. तुला न्यायला ये म्हणावं. काय घालायचं ते वाटेत ठरवा दोघं."

आईला वाटलं, थट्टा करते. पण अनुजानं मागं बसायला जागाच दिली नाही, तशी तिनं पिशवीतनं फोन काढला. सम्राटचा आवाज मोठा, फोनमधनं रस्त्यावर ऐकू आला.

"आई, मी पोरांच्यात हाय. आता कुठं येऊ? ताई हाय न्हवं तितं? बस की तिच्या मागं."

आईनं फोन पिशवीत ठेवला. पिशवीची चेन उगाच दोनदा लावली. मग पदर खोचला आणि गाडीजवळ आली. अनुजा सरकली. आई मागं बसली आणि सवयीनं धरायला जॅकेटचा घोळ मुठीत घ्यायला गेली. घोळच नव्हता. तिनं डावीकडं चाचपलं, उजवीकडं चाचपलं, आणि शेवटी पोरीच्या कमरेला हात घातला.

"नीट धर," अनुजा पुढं बघतच खेकसली. राग तसूभरही उतरला नव्हता. "घट्ट."

आईनं दुसराही हात घातला, आणि गाडी निघाली.