बाईंनी सांगितलं म्हणून

मंजिरीने मान वर केली, डोळे मिटले आणि घशातून असा काही 'ब्यँऽऽ' काढला, की गालिच्यावर मांडी घालून बसलेली इयर फोरच्या वर्गातली पोरं खो-खो हसत एकमेकांच्या अंगावर कोसळली. गोष्टीतली शेळी नावेत पाय ठेवीना. म्हातारीने कान धरून ओढलं, नावाड्याने मागून ढकललं, गावच्या पाटलाने पागोटं सावरत दम भरला. पण शेळी आपली ढिम्म. एका अक्षराचा अर्थ कळत नसताना पोरांना सगळं कळत होतं. मंजिरीचे हात हवेत फिरत होते, पाटलाच्या वाक्याला आवाज आपोआप जाड होत होता, आणि वर्ध्याच्या घरी वडील गोष्ट सांगताना घेत तसा श्वास ती नेमक्या जागी घेत होती.

हसत नव्हता तो एकटा कुश, तिचा मुलगा. तो खिडकीपाशी बसून आईच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता.

त्याच्या मनात काय चाललं असेल हे तिला ठाऊक होतं. लंडनमधल्या हाउन्सलोच्या या शाळेत सध्या भाषांचा आठवडा चालू होता. कुणाची तरी आई किंवा बाबा येऊन आपल्या भाषेत गोष्ट सांगत आणि मग त्यांच्याच मुलाने उभं राहून ती वर्गाला इंग्रजीत सांगायची, अशी रीत. सोमवारी उर्दू झाली, काल पोलिश. आज मराठी. आणि कुशला मराठी येत नव्हती.

याला कारणही शाळाच होती. चार वर्षांपूर्वी, २००२ साली, कुश नर्सरीत तोंड उघडत नव्हता. तिथल्या वयस्कर बाईंनी मंजिरीला आणि वर्गातल्या दुसऱ्या एका आईला, गुरमीतला, कारण गुरमीतची मुलगीही तशीच गप्प, एकत्र बसवून समजावलं होतं. दोन भाषांनी मुलं गोंधळतात. घरी फक्त इंग्रजी बोला, प्लीज. गुरमीत 'येस मिस, येस मिस' म्हणाली आणि घरी जाताना बसमध्ये लेकीशी पंजाबीत गप्पा मारत बसली. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे तिला उपजत कळत होतं. मंजिरी पडली शाळामास्तरांची मुलगी. बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याच संध्याकाळी तिने मराठी बंद केली.

आता इंग्रजी तरी किती होतं तिच्याकडे? दुकानापुरतं आणि डॉक्टरापुरतं. ईट. वॉश हँड्स. शूज. स्लीप नाऊ. रागवायचं म्हटलं तरी शब्द लागतात, लाड करायला तर त्याहून जास्त. 'माझं सोनुलं गं ते' याचं ती काय करणार होती? ती नुसती त्याच्या केसांतून हात फिरवायची आणि गप्प बसायची. तिचा नवरा जयंत विमानतळावरच्या ऑफिसातून यायचा, फाडफाड इंग्रजी बोलायचा, तेव्हा घरात जरा आवाज व्हायचा. वर्षभरात कुश पोपटासारखा बोलू लागला. औषध लागू पडलं, असं सगळे म्हणाले, मंजिरीसुद्धा.

आणि आता वारं फिरलं होतं. घरची भाषा म्हणजे मुलाचा खजिना, असे रंगीत तक्ते शाळेच्या कॉरिडॉरमध्ये लागले. नवीन बाईंनी, मिस डॉब्सननी, गेटपाशी तिचा हात हातात घेऊन विचारलं, तुम्ही गोष्ट सांगाल ना? बाईंना नाही कसं म्हणायचं, हे मंजिरीला चौतिसाव्या वर्षीही येत नव्हतं.

"अगं, मग त्याला आधी इंग्रजीत सांगून ठेव ना गोष्ट," जयंत काल म्हणाला होता. "सिंपल आहे. पाठ करेल तो."

तिने करून पाहिलं. पोळ्या लाटता लाटता सुरुवात केली, "देअर वॉज अ गोट..." तर कुशने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"नो, मम! मिस सेड यू कान्ट टेल मी फर्स्ट. दॅट्स चीटिंग."

"बट यू डोंट नो मराठी, कुश."

"आय विल ट्राय," तो म्हणाला आणि पुस्तक घेऊन वर निघून गेला. मुलगा आईचाच.

शेवटी म्हातारी एकटीच नावेत बसून निघाली आणि शेळीने पाण्यात उडी मारली. टाळ्या पडल्या. मंजिरीचा चेहरा तापला होता. इतकं एका दमात ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती, आणि तिला आनंद झाला होता, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला कुशकडे बघवेना.

"वंडरफुल! कम ऑन, कुश," मिस डॉब्सन म्हणाल्या.

कुश पुढे येऊन उभा राहिला. स्वेटरची बाही ओढून त्याने मुठीत धरली. हसतील सगळे, मंजिरीच्या मनात आलं, माझ्या लेकराला हसतील. तो इंग्रजीत सांगू लागला.

"एक शेळी होती. तिला एक पिल्लू होतं. पिल्लू लहान होतं तेव्हा ती त्याच्याशी सारखी बोलायची. गाणीपण म्हणायची. मग एक दिवस ती बोलायची थांबली."

"का बरं?" मिस डॉब्सननी विचारलं.

"पिल्लाने काहीतरी वाईट केलं होतं. काय ते त्याला आठवत नाही. ते खूप छोटं होतं." त्याने बाही आणखी ओढली. "मग ते शहाण्यासारखं वागायला लागलं. सगळं जेवण संपवायचं. शूज आपले आपण घालायचं."

शेळीच्या शूजना पोरं फिस्सकन हसली. कुश हसला नाही.

"मग ती बोलायला लागली का?" पुढच्या ओळीतल्या तनिषाने विचारलं.

"अजून नाही." त्याने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. "पण येतं तिला. खूप येतं. दुसऱ्यांच्या पिल्लांशी बोलते ती."

गोष्ट संपली की नाही हे कुणाला कळेना. मग मिस डॉब्सननी टाळ्या वाजवल्या, पाठोपाठ सगळ्यांनी वाजवल्या. कुश जागेवर जाऊन बसला आणि गालिच्याचा धागा उपटत राहिला.

"किती वेगळी गोष्ट!" मिस डॉब्सन मंजिरीकडे वळल्या. "बरोबर सांगितली ना त्याने?"

मंजिरी त्या बुटक्या खुर्चीवरून उठून उभी राहिली. बाईंनी प्रश्न विचारला की उभं राहूनच उत्तर द्यायचं असतं. तिने टेबलाची कड धरली.

"येस, मिस," ती म्हणाली. "एव्हरी वर्ड."