तुग्दुआलबाबाची दोन घमेली

चॅपल सांभाळणाऱ्या तुग्दुआलबाबाला या चमत्कारातून काय मिळणार होतं? संताच्या झऱ्याचं पाणी, बाटलीला तीस युरो. शिवाय त्याच्या मेव्हण्याच्या, ग्वेनाएलच्या, किनाऱ्यावरच्या, पर्यटकांच्या कॅम्पिंगकडे कुणी बोट दाखवणार नव्हतं, हा वरचा नफा. औषधांचं दुकान चालवणाऱ्या सोलेननं चॅपलच्या दारातच एवढा हिशेब केला.

आत अख्खं प्लूवेन गाव लोटलं होतं. उन्हाळा लागल्यापासून खाडीत रोवलेल्या खांबांवर वाढवलेले काळे शिंपले गळून पडत होते. ज्या धाग्यांनी ते धरून राहतात, ते धागेच धरत नव्हते. शाप आहे, तुग्दुआल सांगत होता, आणि तो सोलेनच्या आत्याच्या, अझेनोरच्या, पापाचा. तिनं आपले खांब सोडले तरच खाडी सुटेल.

"दोन्ही घमेल्यांत खाडीचंच पाणी!" तुग्दुआल गरजला. "यात संताचे चार थेंब. त्यात पापिणीचं नाव घेऊन नुसता हात फिरवतो. उद्या बघा!"

दुसऱ्या दिवशी संताच्या घमेल्यातले शिंपले तळाला घट्ट चिकटलेले. पापाच्या घमेल्यातले आ वासून पडलेले.

"सोड आता खांब, अझेनोर!" म्हातारा फांच ओरडला.

"माझ्या नवऱ्यानं रोवलेत ते, तुझ्या सासऱ्यानं नव्हे," आत्या म्हणाली.

सोलेन पापाच्या घमेल्यावर वाकली. पाण्यावर तेलकट तवंग होता, आणि वास नारळाचा.

"बाबा, काल चॅपलमध्ये ऊन फार लागलं का हो?"

"काय बडबडतेस, पोरी?"

"नाही, उन्हाच्या क्रीमची ट्यूब माझ्याच दुकानातून नेलीत, म्हणून विचारलं. आता उलट करू. पापाच्या घमेल्यात फांचकाका हात धुऊन फिरवतील. संताच्या घमेल्यात क्रीमचा हात मी फिरवते. शिंपले नवे, पाणी नवं."

पुढच्या सकाळी आ वासले ते संताचे शिंपले.

"म्हणजे संत क्रीमपुढे हरला?" फांचनं डोकं खाजवलं.

"संताला कशाला ओढता, काका? हातभर क्रीमनं घमेलं बिघडतं, तर कॅम्पिंगच्या न्हाणीघरांची मोरी आपल्या खांबांपाशी काय ओतत असेल? पण माझ्याही शब्दावर जाऊ नका. मोरीचं पाणी तपासायला पाठवा."

माना ग्वेनाएलकडे वळल्या. तो बुटांकडे बघत होता.

तपासणीत क्रीम निघालं, शांपू निघाला, अत्तरही निघालं. ग्वेनाएलला मोरी वळवावी लागली. तुग्दुआलनं कुरकुरत बाटल्यांचे पैसे परत केले. सोलेननं आपल्या दुकानातलं सर्वांत खपणारं क्रीम फळीवरून कायमचं उतरवलं. आत्याचे खांब राहिले, हंगाम गेला. आणि सर्वांत मोठी किंमत मोजली ती शिंपल्यांनी, ज्यांनी जन्मात कधी अंगाला क्रीम लावलं नव्हतं.