खालून येणारी लाट

श्रीपाद अंबरनाथला राहायचा आणि पूल बांधणाऱ्या एका कंपनीत नकाशे काढायचा. अठ्ठेचाळीस साली कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी कंपनीचा पूल होत होता, तेव्हा तो तिथंच मुक्कामाला होता. अमावास्येच्या भरतीला नवसू नावाचा मजूर त्याला बोलवायला आला. नवसू बदलापूरच्या डोंगरातल्या पाड्यावरचा.

"सायब, लाट खालून मारते. मचाणाच्या फळ्या बघा कशा उचलते."

श्रीपादनं पाहिलं आणि दोन दिवस हिशेब मांडत बसला. पुलाचे स्लॅब खांबांवर नुसत्या वजनानं बसलेले होते. तुफानात खाली हवा कोंडली, की पाणी त्यांना सहज उचलणार होतं. स्लॅब लोखंडी सळ्यांनी खांबांना जखडा, हवेला भोकं ठेवा, अशी चिठ्ठी त्यानं मुख्य इंजिनियर हेमचंद्रांना दिली.

"एवढं वजन पाणी उचलेल?" हेमचंद्र हसले. "ही चिठ्ठी वर गेली तर काम तीन महिने रखडेल. परत घ्या. तुमच्या बढतीचं मी बघतो."

श्रीपादनं चिठ्ठी परत घेतली.

नोव्हेंबरातल्या तुफानात दोन स्लॅब उचलले गेले आणि खाडीत पडले. खांबांना ओरखडाही नव्हता. वरची यंत्रं बांधायला पाठवलेला नवसू स्लॅबबरोबर गेला. त्याचं प्रेतही मिळालं नाही.

मजुरांनी स्लॅबखालचे तात्पुरते टेकू नीट आवळले नव्हते, असं हेमचंद्रांनी चौकशीत सांगितलं.

"धोक्याची सूचना आधी कुणी दिली होती?" श्रीपादला विचारलं गेलं.

"नाही," तो म्हणाला.

त्याला बढती मिळाली. नव्या पुलाच्या नकाशात जखडणाऱ्या सळ्या त्यानंच काढल्या. खाली सही हेमचंद्रांची.

दोन वर्षांनी बदलापूरच्या बाजारात त्याच्या कानावर आलं, की नवसूच्या पाड्यावरच्या माणसांना कंपनीचा मुकादम कामावर घेत नाही. 'पूल पाडणारे' म्हणून हाकलतो. त्या रविवारी श्रीपाद डोंगर चढून गेला आणि नवसूच्या बायकोला, चंद्रीला, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तवा का नाय बोललास?"

पाड्यावरचा म्हातारा देऊ म्हणाला, "आता बोल. कागदावर लिवून दे."

श्रीपादनं लिहून सही केली. देऊनं तो कागद मुकादमाला दिला, मुकादमानं हेमचंद्रांना. आठवड्यात श्रीपादची नोकरी गेली. त्याला आश्चर्य वाटलं नाही. उलट कित्येक दिवसांनी तो नीट जेवला.

महिन्यानं तो पुन्हा पाड्यावर गेला. चंद्री अंगणात भात पाखडत होती.

"घेतलं का माणसांना कामावर?"

"नाय," ती सूप न थांबवता म्हणाली. "मुकादम बोलला, सही करणाराच आता कंपनीत नाय. त्याच्या कागदाला कोन इचारतो?"